छोट्या शाळांना मान्यता हवी

संपादक महोदय,

बंगल्याच्या तळमजल्यावर पंधरा-वीस मुलांची शाळा, ही कल्पना आता बड्या शहरांपुरती राहिलेली नाही. माझी नात बडोद्यातल्या अशाच शाळेत जाते. सात आणि दहा वर्षांची मुलं एकत्र बसून तराजूवर बटाटे तोलतात, हिशेब पाटीवर मांडतात. धाकट्याचं अडलं की थोरला समजावतो. पन्नास-साठांच्या वर्गात हे होणं कठीण.

पण शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, आणि इमारत व मैदानाच्या अटी या शाळांना पेलत नाहीत. दहावीसाठी मग शाळेत न जाताही परीक्षा देण्याची सोय असलेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) आधार घ्यावा लागतो. प्रवेशावेळीच पालकांना हे लेखी सांगितलं पाहिजे. पुष्कळांना ते ठाऊकच नसतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पर्यायी शाळांसाठी अटी सैल करण्याचं म्हटलं आहे. सरकारने सुरक्षितता आणि शिक्षकांची पात्रता तपासून त्यांना वेगळी मान्यता द्यावी. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यांच्या शहरात अशी शाळा फक्त पैसेवाल्यांची होऊ नये. म्हणून २५ टक्के जागा गरीब मुलांना देण्याची अट या शाळांनाही लावावी.

– एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदे