विज्याला पत्र: अण्णांचा हार्ट अटॅक, किल्लारी आणि फॅमिली हिस्टरी

विज्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, परत एकदा ऐकला आणि ठरवलं की फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच "हां हां, कळलं" म्हणणार आणि मी पण घाईत काहीतरी गोलगोल बोलून मोकळा होणार, त्यापेक्षा लिहूनच टाकतो. वहिनींना पण वाचायला दे. अण्णांना दाखवायचं की नाही ते तू बघ.

तू विचारलंस की अण्णांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, हार्ट अटॅकचा आणि किल्लारीच्या त्या भूकंपाचा काही संबंध असेल का, की मी उगाच ओढूनताणून जोडतोय. ओढूनताणून नाही रे. एका माणसाकडे बोट दाखवून "याचा अटॅक यामुळेच आला" असं कोणीच सांगू शकत नाही, तंबाखू आहेच, शुगर आहेच, पण हजारो माणसांचा हिशोब केला की मोठा आघात सोसलेल्या आणि त्यातून बाहेर न आलेल्या लोकांचं हृदय जास्त लवकर बिघडतं हे आता नीट दिसतं. आणि "बाहेर न आलेले" हे महत्त्वाचं आहे हं. किल्लारीत जगले वाचले ते सगळेच काही आजारी पडले नाहीत, बहुतेक लोक हळूहळू सावरतात. पण अण्णांचं बघ ना. पुनर्वसनात पक्कं घर मिळालं तरी माणूस पावसाळ्यातसुद्धा ओसरीत झोपतो, रस्त्यावरून जड ट्रक गेला की दचकून उठून उभा राहतो, अनंत चतुर्दशी जवळ आली की चिडचिड सुरू, आणि आजीचं नाव काढलं की उठून शेताकडं. आपण लहानपणापासून याला "अण्णांचा स्वभाव" म्हणत आलो. मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही, कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवतो, पण यातली निम्मी लक्षणं पीटीएसडीच्या (मोठ्या आघातातून मन बाहेरच न येण्याचा आजार) कुठल्याही यादीत सापडतील.

ही काही नवी कल्पना पण नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर १८७१ मध्ये फिलाडेल्फियाच्या दा कोस्टा नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय की सैनिक येतात, छातीत धडधड, दुखणं, दम लागणं, आणि तपासलं तर हृदयात काही सापडत नाही. त्याला तेव्हा 'सोल्जर्स हार्ट' म्हणायचे. पीटीएसडी हे नाव पुस्तकात यायला १९८० उजाडलं, ते पण व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आरडाओरडा केला म्हणून.

आता शरीरात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण मला स्वतःला यातली एक गोष्ट फार उलटी वाटली होती. आपण समजतो टेन्शन म्हणजे कॉर्टिसॉल, ताणाचं हार्मोन, वाढलेला. पण १९८० च्या दशकात सैनिकांची लघवी तपासली तर पीटीएसडीवाल्यांमध्ये कॉर्टिसॉल कमी! पुढे रेचेल येहुदा नावाच्या संशोधक बाईंनी नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांमध्येही तेच पाहिलं. म्हणजे कसंय, धोका आला की ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन गोंधळ उठवतात, नाडी वाढते, बीपी चढतं, रक्तात साखर सोडली जाते, आणि कॉर्टिसॉल म्हणजे भांडण पेटल्यावर येऊन सगळ्यांना आपापल्या घरी पाठवणारा गावातला म्हातारा. हा म्हातारा कमजोर पडला तर गोंधळ चालूच. ॲड्रेनलिनच्या घरातली मंडळी वर्षानुवर्षं जागी, रात्री पण बीपी हवं तसं उतरत नाही. शिवाय कॉर्टिसॉल शरीरातली सूज पण आवरतो (स्टेरॉइडच्या गोळीने सांध्याची सूज उतरते ते याच कारणाने), तो कमी म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बारीक बारीक सूज धुमसत राहते, आणि हृदयाच्या धमनीत चरबीचे थर बसायला ती सूज म्हणजे आयतं आमंत्रण. सगळ्याच अभ्यासांत कॉर्टिसॉल कमी सापडत नाही हेही सांगतो, नाहीतर तू कुठेतरी वाचून मला ऐकवशील.

२०१७ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात एक काम आलं होतं, बॉस्टनचं. २९३ लोकांच्या मेंदूचं आणि शरीराचं स्कॅन, त्यात अमिग्डला म्हणजे मेंदूतला भीतीचा जो भाग, तो ज्यांचा जास्त पेटलेला त्यांची अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्तपेशी बनवणारा मगज) पण जास्त कामाला लागलेली, धमन्यांत सूज जास्त, आणि पुढच्या काही वर्षांत हार्टचे प्रकार पण जास्त. भीती डोक्यात, पेशी हाडात आणि ब्लॉक छातीत, एका ओळीत. मी वर्गात हे शिकवतो तेव्हा पोरं मोबाइल खाली ठेवतात.

पण तू म्हणशील, अरे पण असे लोक तंबाखू खातात, दारू पितात, झोपत नाहीत, गोळ्या चुकवतात, त्यानेच होत असेल की. हाच प्रश्न तिकडच्या लोकांनी पण विचारला, आणि त्याचं उत्तर शोधायला त्यांनी जुळे भाऊ धरले. अमेरिकेत व्हिएतनामच्या काळात सैन्यात असलेल्या जुळ्या भावांची एक मोठी नोंदवही आहे. व्हायोला व्हॅकारिनो आणि त्यांच्या टीमने २०१३ ला त्यातल्या २८१ जोड्यांचा, म्हणजे ५६२ माणसांचा अभ्यास छापला. सुरुवातीला कोणालाच हार्टचा त्रास नव्हता. साधारण तेरा वर्षांनी बघितलं तर पीटीएसडी असलेल्यांपैकी २२.६ टक्के लोकांना हृदयविकार, नसलेल्यांमध्ये ८.९ टक्के. अडीच पट! सिगारेट, दारू, व्यायाम, डिप्रेशन सगळं हिशोबात धरूनही फरक पुसला गेला नाही. आता खरी गंमत. ज्या जोड्यांत एका भावाला पीटीएसडी आणि दुसऱ्याला नाही अशा जोड्या वेगळ्या काढल्या, एकच आई, एकच घर, लहानपणी एकच ताट, आणि तिथे आकडे आले २२.२ विरुद्ध १२.८.

हे दोन आकडे जरा शेजारी ठेवून बघ. परक्यांशी तुलना केली तर फरक मोठा, सख्ख्या जुळ्या भावाशी केली तर फरक कमी झाला, पण गेला नाही. म्हणजे काही भाग घरातून, रक्तातून आलेला, आणि काही भाग खरोखर त्या आघाताच्या आजाराचा. मला विचारशील तर या विषयातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला या दोन आकड्यांत दिसतं.

म्हणून तुमच्या डॉक्टरांनी फाइलवर 'फॅमिली हिस्टरी' लिहिलं ते मला खटकलं. चूक नाही ते, तुझे थोरले काका पण हार्टनेच गेले. पण विज्या, थोरले काका त्या पहाटे कुठे होते? ३० सप्टेंबर १९९३, चार वाजायला काही मिनिटं कमी, विसर्जन करून सगळं गाव नुकतं झोपलेलं, आणि त्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर. ५२ गावं गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं. अण्णा आणि काका दोघांनी मिळून हातांनी माती उपसली, आजीला काढलं. दोघांचं रक्त एक, आणि दोघांची ती पहाट पण एकच. फॉर्मवरच्या त्या एका रकान्यात दोन्ही गोष्टी कोंबल्या जातात आणि मग आपण म्हणतो, आनुवंशिक आहे, काय करणार. तुमच्या भागात घराघरात असं असेल.

आता जीनबद्दल, कारण तुझा घसा तिथेच दाटला होता. पीटीएसडी कोणाला होतो यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, त्याच व्हिएतनामच्या जुळ्यांवरून १९९३ मध्येच तो तीसेक टक्के असल्याचं मांडलं गेलं होतं. पण 'पीटीएसडीचा जीन' असा एक कुठला नाही. २०२४ ला एक अवाढव्य काम छापून आलं, युरोपीय वंशाच्या बारा लाखांहून जास्त लोकांचा डीएनए, आणि जनुकसंचात अशा ९५ जागा सापडल्या ज्यांचा पीटीएसडीशी संबंध लागतो. प्रत्येकीचा हिस्सा इवलासा. यातले बरेचसे झुकाव हृदयविकार, जुनाट दुखणी, डिप्रेशन यांच्याशी पण सामायिक निघतात, म्हणजे ज्या शरीराला आघात जास्त लागतो त्याच शरीराला हे आजार पण थोडे जास्त लागतात, आधीपासूनच. आणि हो, त्या सगळ्या डेटात आपल्यासारखे लोक नसल्यातच जमा. त्यामुळे तो जो पाच-सात हजारांत थुंकी पाठवून जीन टेस्ट करायचा प्लॅन तू करतोयस ना, ते पैसे सरळ पोरीच्या नावाने टाक.

एकच जीन नाव घेऊन सांगतो, एफकेबीपी५. याचं प्रोटीन कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरला (पेशीतला त्याचा निरोप ऐकणारा कान) चिकटतं आणि त्याला कॉर्टिसॉलचं ऐकू येणं कमी करतं. अटलांटातल्या ग्रेडी हॉस्पिटलात, गरीब वस्तीतले, बहुतेक कृष्णवर्णीय असे नऊशे पेशंट घेऊन २००८ मध्ये बघितलं तर या जीनच्या काही प्रकारांनी एकट्याने काहीच होत नव्हतं. पण तो प्रकार आणि लहानपणी सोसलेली मारहाण, अत्याचार असं दोन्ही असेल तर मोठेपणी पीटीएसडीची लक्षणं जास्त. पुढे २०१३ मध्ये दिसलं की अशा लोकांत त्या जीनवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा गळून पडलेल्या असतात आणि जीन जास्त चालू राहतो. अक्षरं तीच, वाचणं बदललेलं. नुसता जीन काही करत नाही रे, आयुष्यात काय घडलं त्यावर सगळं.

आणि मग तुझा तो प्रश्न जो तू शेवटी हळूच विचारलास. काकू, म्हणजे तुझी आई, तेव्हा सात महिन्यांच्या गरोदर होत्या, तू पोटात होतास, तर तुझ्यात काही उतरलं असेल का, आणि तुझ्यातून तुझ्या लेकीत, छकुलीत?

यावर नेटवर फार भंपक लिहिलं जातं. खरं काय तेवढं सांगतो. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या त्या टॉवरच्या आसपास असलेल्या ३८ गरोदर बायका आणि त्यांची वर्षाच्या आसपासची बाळं येहुदांच्या टीमने तपासली. ज्या आयांना पीटीएसडी झाला त्यांचा आणि त्यांच्या बाळांचा थुंकीतला कॉर्टिसॉल कमी, आणि जास्त करून ज्या शेवटच्या तीन महिन्यांत होत्या त्यांच्या बाळांत. म्हणजे बरोबर तुझा नंबर. ऐकायला भीती वाटते, पण ३८ बायका म्हणजे आपल्या हॉस्टेलचा एक मजला, आणि कॉर्टिसॉल थोडा कमी म्हणजे आजार नव्हे. नंतर २०१६ ला छळछावणीतून वाचलेले ३२ लोक आणि त्यांची २२ मुलं यांचा अभ्यास आला आणि पेपरवाल्यांनी बोंब ठोकली की दुःख डीएनएतून उतरतं. त्यात झालं होतं काय, तर एफकेबीपी५ च्या त्याच जागी आईबापांत मिथाइलच्या खुणा जास्त आणि मुलांत कमी, म्हणजे उलट! तुलनेसाठी घेतलेले लोक तर बोटावर मोजण्याइतके. मला यावरून "उतरलं" असं म्हणायला जीभ रेटत नाही. दचकणारा बाप आणि रात्री जागी आई यांच्या घरात वाढणं, हे मला जीनपेक्षा कितीतरी सरळ कारण वाटतं. छकुलीची काळजी सोड. पोरगी आजोबांच्या मिशा ओढते, तिला काय होतंय.

काकूंचं मात्र राहूनच गेलं, त्यांचं थायरॉइड आणि बोटांचे सांधे. अण्णांकडेच सगळ्यांचं लक्ष असतं. इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या साडेसहा लाखांवर अमेरिकन सैनिकांचे रेकॉर्ड २०१५ मध्ये तपासले होते, पीटीएसडीवाल्यांत थायरॉइडची सूज, संधिवाताचा आरए प्रकार, ल्युपस असे स्वतःचंच शरीर स्वतःवर उलटण्याचे आजार जवळपास दुप्पट. काकूंनी तर सासू गमावली, पोटात तू, आणि पत्र्याच्या शेडमध्ये बाळंतपण. त्यांना कोणी कधी विचारलंय का झोप येते का म्हणून?

आता कामाचं. पुढच्या फॉलोअपला कार्डिओलॉजिस्टना भूकंपाचं सांग. स्पष्ट सांग, झोपेचं, दचकण्याचं, सगळं. ते हसले तर हसू दे. आणि मानसोपचाराच्या ओपीडीला घेऊन जा, अण्णा "मी काय येडा आहे का" म्हणणारच, तेव्हा म्हण की हार्टच्या डॉक्टरांनीच झोपेसाठी पाठवलंय. खोटं पण नाही ते. भीतीच्या आठवणीला हळूहळू सामोरं नेणाऱ्या थेरपीज आहेत, गोळ्या पण आहेत. बत्तीस वर्षांनी काय उपयोग असं वाटत असेल तर अमेरिकेतल्याच सैनिकांवरचं २०१९ चं एक काम सांगतो, ज्यांची पीटीएसडीची लक्षणं चांगली कमी झाली त्यांच्यात पुढे डायबेटिस होण्याचं प्रमाण, ज्यांची कमी झाली नाहीत त्यांच्यापेक्षा जवळजवळ निम्मं. हार्टच्या बाबतीत इतकं ठाम मी नाही म्हणणार, आणि अण्णांना तर शुगर झालेलीच आहे, पण रात्रीची झोप तरी लागेल माणसाला. लगेच जायला जमत नसेल तर १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस, सरकारी आहे, मराठीत बोलतात. ब्लड थिनर आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) यात एक दिवस पण खंड नको, ते सगळं याच्या जोडीला, याच्याऐवजी नाही. मानसोपचाराची गोळी सुरू झाली तर आधीच्या गोळ्यांची यादी त्यांना दाखव, काहींमुळे ब्लड थिनरसोबत रक्तस्राव वाढू शकतो.

तंबाखू सोडायला लावा हे मी सांगायला नको, वहिनी सांगतच असतील.

काकूंचे थायरॉइडचे आणि आरए फॅक्टरचे जुने रिपोर्ट असतील तर फोटो काढून पाठव, सरळ धरून काढ, मागच्या वेळेसारखा अर्धा अंगठा नको. दसऱ्याच्या सुट्टीत येतो, तेव्हा अण्णांशी मी बोलून बघतो, माझं ऐकतात ते कधीकधी.

तुझा,
नंद्या