पहिली गाडी वजन बघून घ्यावी

माननीय संपादक,

दसऱ्याला कोणत्या शोरूममधून किती दुचाक्या गेल्या, याच्या बातम्या आपल्याकडे फोटोसह येतात. त्यातल्या काही गाड्या महिन्या-दोन महिन्यांत माझ्याकडे येतात. हँडल वाकडं, क्लचचा लिव्हर मोडलेला, टाकीला पोचा. कराड-विटा रस्त्याला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. गाडी घ्यायच्या आधी विचारायला येणारे थोडे, घेतल्यावर येणारे सगळे, म्हणून हे पत्र.

आधी येतात ते बहुधा वडील. "मिस्त्री, पोरगं दोनशे सीसीच्या खाली ऐकतच नाही. घेऊ का?" मी सीसीचं काढतच नाही. पोराची उंची किती, आजवर काय चालवलंय आणि गाडी लावायच्या जागेला उतार आहे का, एवढं विचारतो. तिसऱ्या प्रश्नावर बरेचजण हसतात.

पोरं वेगात जाऊन पडतात असं सगळ्यांना वाटतं. तसं पडतातच. पण नव्या गाडीचं पहिलं पडणं बहुतेक वेळा जागेवरचं असतं. गल्लीत वळवताना, चढावर थांबून पाय टेकताना, नाहीतर साइड स्टँड नीट न लागता गाडी सोडून दिल्यावर. तिथं इंजिनाची ताकद कामाला येत नाही, गाडीचं वजन अंगावर येतं. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० ही १९५ किलोची. पळताना हा फरक कळत नाही, उलट जड गाडी रस्त्याला बसल्यासारखी वाटते, आणि टेस्ट राइडला सरळ रस्त्यावर तेवढंच दाखवतात. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवरही काही कळत नाही. कळतं ते खडीच्या बोळात गाडी मागं ढकलायची वेळ आल्यावर.

सीटच्या उंचीचंही तसंच. कागदावर टीव्हीएसच्या रेडर १२५ ची सीट ७८० मिलिमीटर आणि क्लासिकची ८०५. अडीच सेंटिमीटरनं काय होतं, असं म्हणाल. पण रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि तेवढ्यानं पाय आणखी आखूड पडतो. म्हणून आकडा वाचून भागत नाही, बसून बघावं लागतं. दोन्ही तळवे पूर्ण टेकले तर उत्तम, निदान चवड्यांवर भार पेलता आला पाहिजे. आता विद्यानगरच्या कॉलेजांतल्या मुलीही गिअरची गाडी शिकून घेतायत, मला त्याचं फार बरं वाटतं. त्यांना "स्कूटीच घे" म्हणणाऱ्यांनी आधी त्यांना १२५ वर बसवून बघावं.

ताकदीचं गणित वेगळं. स्प्लेंडरला ८ हॉर्सपॉवर, पल्सर एनएस २०० ला साधारण २५. वजन दीडपटही नाही आणि ताकद तिप्पट. ही गाडी वाईट नाही, तयार हाताला ती झकास आहे. पण नवशिक्याचा क्लच झटक्यात सुटतो, घाबरून मूठ आवळली जाते आणि त्यात अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळला जातो. आठ हॉर्सपॉवरची गाडी अशा वेळी गचके देऊन बंद पडते. पंचवीसची बंद पडत नाही, पुढं झेपावते.

कायदा यात फरक करत नाही. अठराव्या वर्षी गिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळालं की शंभर सीसी आणि चारशे सीसी सारखेच. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीची परवानगी आहे, आणि पेट्रोलवरची तसली गाडी आता शोरूममध्ये दिसत नाही. तरी अकरावी-बारावीची पोरं १५० घेऊन माझ्याकडे हवा भरायला येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला पालकच जबाबदार आहेत. २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. हे ऐकवलं की वडील पोराकडं बघतात, पोरगं माझ्याकडं.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागात कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाचं पाचट, वाळू आणि बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या असतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला. त्या नियमात त्याखालच्यांना सीबीएसही चालत होता, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. सीबीएस चाक लॉक होऊ नये म्हणून नाही, हे सेल्समन सांगत नाहीत. "ब्रेकिंग सिस्टीम आहे साहेब" एवढंच सांगतात. एबीएसमध्येही सिंगल चॅनल असेल तर तो पुढच्याच चाकाला असतो. मागचं चाक घसरायचं ते घसरणारच. तरीही पुढचं चाक धरून राहणं नवशिक्यासाठी फार मोलाचं आहे. त्यामुळं पोरगं अंगानं दणकट असेल आणि रोज हायवेनं जाणार असेल, तर मी १५०-१६० ची साधी, सरळ हँडलची, एबीएसवाली गाडी सांगतो. गावातल्या गावात फिरायचं असेल तर १०० ते १२५ पुरे. दोन वर्षं ती चालवावी, मग खुशाल मोठी घ्यावी.

घरात ती एकच गाडी असणार असेल तर आणखी एक बघा. मागची सीट उंच असलेल्या गाडीवर आईला बसता येत नाही, आणि साडीगार्ड तर पोरगं पहिल्याच आठवड्यात काढून ठेवतं. माझ्या एका गिऱ्हाइकानं पोराला अशी गाडी घेऊन दिली आणि स्वतः अजून जुन्या राजदूतवर वैरणीचा भारा आणतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लाखाच्या मूळ किमतीवर दहा हजार वाचतात. त्या दहा हजारांत लोक वरचं मॉडेल बघायला लागलेत. माझं ऐकाल तर त्यात आयएसआयचं चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घ्या.

शोरूमवाल्यांना एक विनंती आहे. गिऱ्हाइकाला इंजिन बंद ठेवून गाडी बाहेरच्या उतारावर पुढं-मागं ढकलू द्या, मेन स्टँडवर लावू द्या, कमी जागेत वळवू द्या. बऱ्याच स्पोर्टी गाड्यांना मेन स्टँड येतच नाही, तेही पैसे भरण्याआधी सांगा. नंतर चेनला ऑइल घालायला गाडी कलती धरून माणसं कशी खटपट करतात ते मी रोज बघतो.

पहिली गाडी जुनी घेतली तर बाप आणि मिस्त्री दोघांनाही कमी त्रास. मात्र आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा, कर्ज फिटल्याची एनओसी मागा, गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर त्याच दिवशी सह्या घ्या. लिव्हरची टोकं आणि फूटरेस्ट घासलेले असले तर गाडी पडलेली आहे, मालक काहीही म्हणो. आणि इंजिनाला आधी हात लावून बघा. गरम लागलं, तर तुम्ही यायच्या आधी त्यानं ती चालू करून ठेवली होती. सुरू व्हायला त्रास देत असली तर ते गरम इंजिनात कळत नाही. तिथंच चहा मागवा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि मग स्टार्टर मारा.

आपला,
एक गॅरेजवाला, कराड