चौथी भिंत कुठे गेली?

डब्लिन, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, इथल्या किलकेनी गावच्या किल्ल्याचे फोटो ग्रुपवर टाकले, तेव्हा बाकीच्यांनी ‘मस्त, मस्त’ केलं. तुम्ही मात्र विचारलंत, “तीनच बाजू दिसतात. चौथी भिंत कुठे गेली?” फोनवर एका वाक्यात संपणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

भिंत क्रॉमवेल या इंग्रज सेनापतीच्या वेढ्यात गेली. 1650 च्या मार्चमध्ये त्याच्या तोफांनी पूर्वेचा तट आणि ईशान्येचा बुरूज इतका खिळखिळा केला की पुढे ते काढूनच टाकले. आता त्या अंगाला नुसती हिरवळ आहे. चौकात उभं राहिलं की दाराशिवायच्या घरात आल्यासारखं वाटतं.

तुम्ही किल्ला म्हटलं की डोंगर शोधाल. इथे तो नाही. नोर नदीकाठी थोडा उंचवटा, आपल्या भाषेत भुईकोटच. आधी 1172 च्या सुमारास स्ट्राँगबो नावाच्या नॉर्मन सरदाराची लाकडी गढी होती. दगडी कोट त्याच्या जावयाचा, विल्यम मार्शलचा. तो 1213 च्या आसपास पुरा झाला. 1391 मध्ये तो बटलर घराण्यानं विकत घेतला आणि साडेपाचशे वर्षं तिथेच नांदले.

हे बटलर म्हणजे ट्रे घेऊन उभे राहणारे नव्हेत हं. राजाला मद्य देण्याचा मान त्यांच्याकडे होता आणि आयर्लंडच्या बंदरात उतरणाऱ्या वाइनवर त्यांचा हक्क होता. आपल्याकडचं वतनच म्हणा ना! हा हक्क सरकारनं 1811 च्या सुमारास परत घेतला, तेव्हा त्यांना 2,16,000 पौंड मिळाले.

आणि आता हिशेब ऐका. 1922 च्या यादवीत एका बाजूचे सैनिक किल्ल्यात घुसले, दुसऱ्यांनी वेढा दिला, घरची मंडळी आतच अडकली. 1935 मध्ये सामानाचा लिलाव करून घराणं लंडनला गेलं. रिकामी वास्तू पाणी पिऊ लागली. शेवटी 1967 मध्ये वारसदारानं ती गावाला दिली. किंमत पन्नास पौंड! गावाची शान पडीक होऊ नये एवढंच त्याला हवं होतं. बाबा, तुमच्या आणि काकांच्या वाड्याच्या वाटणीबद्दल मी काही बोलत नाहीये, पण तिथे मला तुमचीच आठवण झाली.

आई, तुला आवडलं असतं ते चित्रदालन. छत लाकडी, रंगवलेलं, आणि तुळयांना प्राण्यापक्ष्यांची सोनेरी मुंडकी. मान दुखेपर्यंत बघत बसले. राखणदार बाई येऊन म्हणाल्या, बाकावर बसून बघा. पोर्ट्रेटं मात्र फार. एकजण हसत असेल तर शपथ.

खरी गंमत किल्ल्याबाहेरची. 1366 मध्ये याच गावात भरलेल्या संसदेनं कायदा केला: इथे स्थायिक झालेल्या इंग्रजांनी आयरिश बोलू नये, आयरिश लोकांत सोयरीक करू नये, हर्लिंग खेळू नये. आयरिशवर बंदी घालणारा हा कायदा लिहिलेला होता फ्रेंचमध्ये! आज तेच किलकेनी हर्लिंगची पंढरी आहे. हॉकीसारखाच खेळ, पण चेंडू हवेतूनही फटकावतात. आणि तुमचा नातू शाळेतून आयरिशचा गृहपाठ घेऊन येतो. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, मग तोच मला शिकवतो, वर ओरडतोही.

त्याच्यासाठी तिथून एक हर्ली आणली, ॲश लाकडाची काठी. आई, रागावू नकोस, पण तू पाठवलेली कैरीच्या लोणच्याची बरणी त्याच हर्लीनं गेली. वरचं थोडं काचा बघून वाचवलं, बाकी टाकावं लागलं. येणाऱ्या कुणाबरोबर दुसरी पाठव, या वेळी प्लास्टिकच्या डब्यात.

बाबा, गुडघ्याचं तेल रोज लावताय ना?

तुमची,
ताई