झोपायच्या यादीत "जागे व्हा"?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शांत झोप लागावी म्हणून ऐकायच्या सुरावटींची यादी होती, त्यात तीन नंबरला जर्मन संगीतकार बाखची "वाखेट आउफ" दिलीय. अहो, त्या दोन जर्मन शब्दांचा अर्थच "जागे व्हा" असा आहे! काकडआरतीला अंगाई म्हणून छापल्यासारखं झालं की हे.

मी काही मोठा जाणकार नाही, कीर्तनाला पेटीची साथ करतो, आणि म्हणूनच लिहावंसं वाटलं. कारण तुम्ही दिलेला तुकडा हा एका कँटाटाच्या, म्हणजे चर्चमधे वाद्यांच्या साथीनं गायच्या मोठ्या रचनेच्या, सात भागांतला चौथा. बाखच्या काळी जर्मनीतल्या लाइपझिगमधे रविवारच्या उपासनेत त्या दिवसाचा बायबलचा उतारा वाचून झाला की प्रवचनाच्या आधी जे गायचे तो हा कँटाटा, साधारण अर्ध्या तासाचा. आपले बुवा कसं एक अभंग निरूपणाला घेतात, मधे बोलतात, गोष्ट सांगतात, चाल बदलतात आणि शेवटी फिरून त्याच अभंगावर येतात, अगदी तसंच. इथं अभंगाच्या जागी फिलिप निकोलाई नावाच्या पाद्र्याचं तीन कडव्यांचं गीत आहे, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या भागात एकेक कडवं, बाकी सगळं निरूपण. आणि हे निकोलाईबाबा ते लिहीत होते तेव्हा त्यांच्या उना गावात प्लेगनं माणसं पटापटा जात होती, १५९७-९८ सालची गोष्ट, गीत छापलं १५९९ ला. अशा दिवसांत माणूस लग्नाचं गीत लिहितो!

हो, लग्नाचंच. येशूनं सांगितलेली दहा कुमारींची गोष्ट, नवरदेव मध्यरात्री येतो, पाचजणींच्या दिव्यात तेल असतं, पाचजणींच्या नसतं. पहारेकरी ओरडतो, उठा, तो आलाय. म्हणून "जागे व्हा". मधल्या दोन द्वंद्वगीतांत आत्मा ही नवरी आणि येशू नवरा, पहिल्यात ती विचारते कधी येणार, तो म्हणतो येतोय, आणि वर एक छोटं व्हायोलिन नुसतं तळमळत असतं. आपल्या विराण्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे समजावून सांगायला नको. (नवरीचा आवाज तेव्हा चर्चच्या शाळेतलं पोरगं गायचं, आपल्या जुन्या नाटकांची आठवण येते.)

हा दहा कुमारींचा उतारा ज्या रविवारी वाचायचा तो ट्रिनिटी या सणानंतरचा सत्ताविसावा, ट्रिनिटीची तारीख ईस्टरवरून ठरते, आणि ईस्टर फारच लवकर आला तरच तो उगवतो. १७३१ ला ईस्टर २५ मार्चला आला, म्हणून २५ नोव्हेंबरला हे पहिल्यांदा गायलं गेलं. नंतर बाखच्या हयातीत तो रविवार एकदाच आला, १७४२ ला. एवढ्या दुर्मिळ दिवसासाठी एवढी मेहनत!

मी पेटीवर बसवून बघितलं. लिहिलेला सूर आपला काळी दोन, सुरवात सा ग प, प प प ध प. सरळ शुद्ध स्वर, बिलावल थाटातले, कुणालाही गुणगुणता येतील. पहिल्या भागात उंच आवाज हीच ओळ लांबवून लांबवून गातात आणि खालचे आवाज भोवती नुसती धावपळ करतात, झोपणार कसं माणूस?

परकं वाटायचं कारण नाही, आपल्याच साताऱ्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ ला "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, येशूची भजनं अभंगाच्या चालीवर लिहिली. ख्रिस्ती कीर्तनही त्यांनी केलं.

तरी यादीत दुरुस्ती छापावी ही विनंती. बाकी तुमचा एक नंबर झकास आहे, मला दुसऱ्याच मिनिटाला डोळा लागला.

आपला,
एक पेटीवाला, शनिवार पेठ, सातारा