नोकरी लावणाऱ्या गाळ्यांना परवाना कोण विचारणार?

महोदय,

बारावी आणि आयटीआयचे निकाल लागले की नांदेड, परभणी, बीड, लातूरच्या बसस्थानकांबाहेर विजेच्या खांबांवर पत्रके चिकटतात : 'चाकण-रांजणगावला नामांकित कंपनीत थेट भरती, राहणे-खाणे मोफत'. पत्रकावर मोबाइल नंबर असतो, कंपनीचे नाव नसते. फोन केला की एखाद्या भाड्याच्या गाळ्यात बोलावतात. आधी नोंदणीचे पाचशे, मग मेडिकल, गणवेश, ओळखपत्र असे पैसे थोडे थोडे काढले जातात. एकदम मोठी रक्कम कधीच मागत नाहीत; हजार-दोन हजारांसाठी पोलीस ठाण्याची पायरी कोणी चढत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. चढलाच कोणी, तर 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून वाटेला लावतात. ऊसतोडीची उचल हीसुद्धा पिळवणूकच, पण ती निदान मजुराच्या हातात पडते. इथे कामाआधी मजुरानेच मोजायचे.

परदेशात माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, लाखांची बँक हमी द्यावी लागते आणि उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी खरी की खोटी, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते. पर्यटक व्हिसावर आखातात पाठवणारे दलाल तरीही आहेतच, पण त्यांना पकडायला कायदा तरी आहे. परभणीहून पुण्याला पोरे पाठवणाऱ्याला मात्र शॉप अ‍ॅक्ट पुरतो, आणि नोकर कमी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना. जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्राला या गाळ्यांची तपासणी करण्याचा अधिकार नाही. कामगार कार्यालय मजुरीचे बघते. मजुरी सुरू होण्याआधीच जो लुबाडला गेला, तो त्यांच्या कक्षेत बसत नाही.

छत्तीसगडने २०१३ साली आणि झारखंडने २०१६ साली खासगी प्लेसमेंट एजन्सींसाठी स्वतंत्र कायदे केले. आपल्याकडे तसा कायदा आणताना एक कलम सर्वांत महत्त्वाचे ठरेल : उमेदवाराकडून आगाऊ छदामही घ्यायचा नाही. एजन्सीचा मोबदला माणूस घेणाऱ्या कंपनीने द्यावा. वरच्या पदांच्या भरतीत तो बहुधा एका महिन्याच्या पगाराइतका असतोच. आज गाळेवाल्याची कमाई नोंदणीवर आहे, नोकरीवर नाही. त्यामुळे जागा दहा असल्या तरी तो शंभर जणांची नोंदणी करतो. कलम झाले तर हे गणितच मोडेल. शिवाय एजन्सीची अनामत रक्कम सरकारकडे जमा असावी, म्हणजे पाटी बदलून पळाला तरी परताव्याची सोय राहील. परवानाधारकांची यादी प्रत्येक बसस्थानकावर लावणे तर अगदीच स्वस्तातले काम आहे.

तोवर उमेदवारांनी कंपनीचे नाव लेखी मागावे आणि कंपनीच्या संकेतस्थळावरील नंबरवर स्वतः फोन करून भरतीची खातरजमा करावी. काम ठेकेदारामार्फत असेल तर त्याचा परवाना क्रमांक आणि पीएफ कोड विचारावा. मूळ गुणपत्रिका दाखवाव्यात, ठेवून देऊ नयेत. त्या अडकल्या की वाईट नोकरीही सोडता येत नाही. पैसे दिलेच तर रोख नको, वैयक्तिक यूपीआयवरही नको. एजन्सीच्या खात्यावर द्यावेत आणि पावती घ्यावी. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, कारण उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत फिरतात.

ग्राहक आयोगाचा मार्ग फार थोड्यांना माहीत आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. एजन्सी पुण्याची असली तरी तक्रार हिंगोलीत दाखल होते.

एक कामगार सल्लागार,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर