बंड्या, एवढ्यात फॉरमॅट मारू नकोस

सदाशिव पेठ, पुणे ३०

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

नवा अँटीव्हायरस टाकल्यापासून तुझा कॉम्प्युटर सुरूच होत नाही, आणि दुकानदार ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल, म्हणतोय हे वाचलं आणि धस्स झालं. दिवाळी अंकाची पानं, काकांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंगं, सगळं त्याच डिस्कवर आहे. मशीन त्याच्या हवाली करू नकोस. कालपर्यंत नीट चालणारा कॉम्प्युटर नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर अडला, तर पहिला संशय त्या सॉफ्टवेअरवर घ्यायचा. फायली बहुतेक वेळा जागच्या जागी असतात.

मध्यंतरी अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीवाल्या ताईंनी बोलावलं होतं. मशीन सुरू केलं की डेस्कटॉपवर चौकट यायची: अमुक मॉड्यूल सापडलं नाही. त्या रोज ओके दाबून पुढे जायच्या. मी चौकटीतलं फाईलचं नाव कागदावर उतरवलं. शेवटी डीएलएल (म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमला लागणारी मदतनीस फाईल), आणि मधल्या फोल्डरचं नाव त्यांनी नुकत्याच काढून टाकलेल्या कन्व्हर्टरचं! सॉफ्टवेअर गेलं होतं, पण सुरू होताना त्याला हाक मारणारी नोंद टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरलेली कामं आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या यादीत, राहिली होती. ती काढली, चौकट गेली. अशी नोंद टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्येही सापडते.

तुझं दुखणं याहून खोल आहे, कारण तू डेस्कटॉपपर्यंत पोचतच नाहीस. जुना अँटीव्हायरस असताना वर दुसरा टाकलास ना? दोघेही विंडोजच्या अगदी आतपर्यंत ड्रायव्हर, म्हणजे गाभ्यात चालणारे छोटे प्रोग्रॅम, घालतात आणि एकमेकांच्या पायात पाय अडकवतात. विंडोजचा लोगो आला की पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद कर. दोनतीनदा असं केलंस की दुरुस्तीचा निळा पडदा येईल. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ चा आकडा. हा सेफ मोड. यात विंडोज स्वतःपुरते ड्रायव्हर घेऊन उठतं. इथे नीट चाललं, तर दोष बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरचा, हे जवळजवळ नक्की. मध्येच बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागितली, तर ती बहुतेक वेळा तुझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते. फोनवरून बघून लिहून ठेव.

सेफ मोडमध्ये आधी दिवाळी अंकाचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घे, मग नवा अँटीव्हायरस काढ. नेहमीच्या पद्धतीने निघाला नाही तर घाबरू नकोस, तिथे प्रोग्रॅम टाकणारी-काढणारी विंडोज इन्स्टॉलरची सेवा बंद असते. बहुतेक अँटीव्हायरस कंपन्या काढून टाकायचं वेगळं टूल देतात, ते वापर. त्यानेही भागलं नाही तर सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधी साठवलेल्या स्थितीत परत नेणं. त्यात नंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात, तुझी कागदपत्रं नाहीत. मात्र त्या स्थितीची नोंद, म्हणजे रिस्टोअर पॉइंट, आधी बनलेला हवा, आणि बऱ्याच मशीनवर ती सोय बंदच असते.

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. त्यावरचा उपायसुद्धा सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल पुसणं हाच होता. मग तुझ्या एका मशीनवर थेट नांगर कशाला फिरवायचा?

रात्री आठनंतर मी मोकळा असतो. मशीनसमोर बसूनच फोन कर, आणि पडद्यावर जे येईल ते अक्षर न् अक्षर वाचून दाखव. काकांना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या