लिथियम बॅटरी घेताना ‘किती वर्षे?’ याआधी ‘किती युनिट?’ विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवणारी अनेक कुटुंबे आता जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून लिथियम बॅटरी घेत आहेत आणि तो निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो. माझी तक्रार आहे ती ही बॅटरी ज्या पद्धतीने विकली आणि विकत घेतली जाते तिच्याबद्दल. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘लिथियम’, त्याखाली एएचचा (अँपिअर-तासांचा) आकडा आणि वॉरंटीची वर्षे एवढेच छापलेले असते आणि ग्राहकही याच तीन गोष्टी विचारून मोकळा होतो. मीही तेवढेच विचारले होते. त्याचा मनस्ताप भोगून झाल्यावर ज्या गोष्टी कळल्या, त्या इतर वाचकांना आधी कळाव्यात म्हणून हे पत्र.

पहिला घोटाळा एएचचा. बारा व्होल्टची दीडशे एएचची बॅटरी वर्षानुवर्षे वापरलेल्या माणसाला शंभर एएचची लिथियम बॅटरी लहान वाटते. प्रत्यक्षात बॅटरीत किती वीज मावते हे एएच आणि व्होल्ट यांच्या गुणाकारावर ठरते. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास, अर्थात १.८ युनिट, आणि लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याहून अधिक उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटत असल्यामुळे त्यातले वापरण्याजोगे जेमतेम ०.९ युनिट. ५१.२ व्होल्टच्या १०० एएच लिथियम बॅटरीत मात्र ५.१२ युनिट मावतात आणि त्यातले ८० ते ९० टक्के निर्धास्त वापरता येतात. उलट १२.८ व्होल्टची लिथियम बॅटरीही ‘१०० एएच’ म्हणूनच विकली जाते आणि तिच्यात केवळ १.२८ युनिट असतात. एकच आकडा छापलेल्या दोन बॅटऱ्यांत चौपट फरक असू शकतो, मग तो आकडा ग्राहकाला काय सांगतो?

आपली गरज किती, हेही युनिटमध्येच काढावे. सत्तर वॅटचे तीन पंखे रात्रभर दहा तास चालले की २.१ युनिट होतात. दिवे, राउटर आणि फ्रिज मिळून पाऊण ते एक युनिट होते. यात एक खर्च जवळजवळ प्रत्येक जण विसरतो, तो म्हणजे इन्व्हर्टरचा स्वतःचा. काहीही जोडलेले नसताना नुसता चालू असलेला इन्व्हर्टर चाळीस वॅट घेत असेल, तर बारा तासांत अर्धे युनिट तोच खातो. बेरीज साडेतीन युनिटांच्या घरात जाते. म्हणजे अशा घराला पाच युनिटांची बॅटरी पुरते आणि तीन युनिटांची पहाटेच्या आत संपते. हा हिशेब कागदावर करायला दहा मिनिटे लागतात.

युनिट पुरेसे असले तरी ते किती वेगाने देता येतात ही मर्यादा वेगळी असते. ५१.२ व्होल्टच्या १०० एएचच्या एखाद्या बॅटरीतून सलग ५० अँपिअरच घेता येतील असे माहितीपत्रकात लिहिलेले असेल, तर ती एका वेळी सुमारे अडीच किलोवॅटच देऊ शकेल, मागचा इन्व्हर्टर पाच किलोवॅटचा असला तरी. पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. त्या क्षणी बॅटरी स्वतःला बंद करून घेते आणि घरमालक मात्र इन्व्हर्टरला दोष देतो.

रसायनाबद्दलही स्पष्ट विचारावे. ‘लिथियम आयन’ हे सगळ्या कुळाचे नाव आहे आणि ‘लिथियम आयर्न फॉस्फेट’ हा त्यातला एक प्रकार. आपल्या लिपीत ‘आयन’ आणि ‘आयर्न’ यांत केवळ एका रफाराचा फरक असल्यामुळे बोलताना, लिहिताना आणि बिलावरही हमखास गल्लत होते. १९९०च्या दशकात शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातील प्रयोगशाळेतून पुढे आलेल्या या फॉस्फेट प्रकारात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे निकेल-कोबाल्टच्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा ही बॅटरी अधिक तापमान सहन करते आणि आवर्तनेही, म्हणजे भरून उतरण्याच्या फेऱ्याही, जास्त देते. ती तेवढ्याच विजेसाठी जड आणि मोठी असते, पण भिंतीशी उभ्या राहणाऱ्या बॅटरीला वजनाचे काय? घरासाठी हाच प्रकार घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र ‘ही पेटतच नाही’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. तिलाही इजा झाली किंवा ती अतिचार्ज झाली, तर तिच्यातून ज्वलनशील वायू निघतात.

आता माझ्याकडे घडलेला प्रकार. जुन्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या जागी ४८ व्होल्टच्या त्याच इन्व्हर्टरला एक लिथियम बॅटरी जोडण्यात आली. महिनाभर सर्व सुरळीत चालले. मग एका दुपारी, लख्ख उन्हात, बॅटरी जवळजवळ भरलेली असताना घरातली वीज गेली. दुसऱ्या दिवशी मी इन्व्हर्टरसमोर उभा राहिलो. पडद्यावरचे व्होल्टेज ५७ च्या पुढे गेले, ५८ झाले, बॅटरीच्या पेटीतून ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि सगळे बंद पडले. बॅटरी बसवणाऱ्याचे म्हणणे, पेटी सदोष आहे, बदलून घ्या. दुसऱ्या एका जाणकार तंत्रज्ञाने इन्व्हर्टरची सेटिंग उघडून पाहिली, तर बॅटरीचा प्रकार अजून लेड-ॲसिडच ठेवलेला होता. पाणी घालाव्या लागणाऱ्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांना ठरावीक दिवसांनी मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन ‘इक्वलाइज’ करावे लागते. इन्व्हर्टर इमानेइतबारे तेच करत होता. सोळा सेलच्या फॉस्फेट बॅटरीची कमाल मर्यादा ५८.४ व्होल्ट, म्हणजे प्रत्येक सेलला ३.६५ व्होल्ट. ती मर्यादा जवळ येताच बॅटरीतल्या संरक्षक यंत्रणेने, म्हणजे बीएमएसने, तिला तोडून वाचवले होते. ‘सदोष’ ठरवलेली पेटी आपले काम चोख करत होती. चार्जिंग ५६ व्होल्टवर आणले, इक्वलाइज बंद केले आणि तेव्हापासून एकदाही असे झाले नाही.

बीएमएस आणि इन्व्हर्टर यांना एकमेकांशी ‘बोलू’ देणारी केबल बॅटरीच्या खोक्यातच, तळाशी, पिशवीतून न काढलेली सापडली. ती शोभेची वस्तू नाही. फॉस्फेट बॅटरीचे व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहते, ऐंशी टक्के भरलेली आणि तीस टक्के उरलेली बॅटरी यांत फरक अगदी थोडा असतो, म्हणून व्होल्टेजवरून इन्व्हर्टर दाखवतो ती टक्केवारी हा अंदाजच. बीएमएस आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजत असतो, त्यामुळे त्याचा आकडा अधिक भरवशाचा. तेव्हा खरेदीपूर्वी विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या नेमक्या मॉडेलशी ही बॅटरी संवाद साधते का, आणि ते दोन्ही उत्पादकांपैकी कोणी लेखी दिले आहे का. तसेच बॅटरी उतरताना बीएमएसने तोडण्याआधी इन्व्हर्टरने थांबायला हवे. एकदा बीएमएसने पूर्ण तोडले की काही इन्व्हर्टरना समोर बॅटरी असल्याचेच कळत नाही आणि सकाळी ऊन आले तरी चार्जिंग सुरू होत नाही.

वॉरंटीबाबत थोडक्यात लिहितो. ‘६००० आवर्तने’ हा आकडा बहुधा २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के वापर गृहीत धरलेला असतो. रोज एक आवर्तन धरले तर तो सोळा वर्षांहून अधिक भरतो, पण लिथियम बॅटरी नुसती ठेवूनही म्हातारी होते आणि उष्णतेत लवकर होते. पत्र्याखालच्या तापलेल्या माळ्यावर ठेवलेल्या बॅटरीला तो आकडा लागू नाही. शेवटी किती टक्के क्षमता उरलेली असण्याची हमी आहे, ७० की ८०, आणि एकूण किती युनिट वापरानंतर वॉरंटी संपते, या दोन ओळी बारीक अक्षरांत असतात. त्या आधी वाचाव्यात. बॅटरीजवळचा फ्यूज किंवा ब्रेकर डीसीसाठीचाच, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहासाठीचाच आहे, याचीही खात्री करावी. एसीतला, म्हणजे घरातल्या नेहमीच्या विजेचा, प्रवाह दर सेकंदाला अनेकदा शून्यावरून जातो म्हणून ब्रेकर प्रवाह तोडताना पडणारी ठिणगी विझते. डीसीत तसे होत नाही आणि एसीचा ब्रेकर तिथे आतल्या आत जळू शकतो.

उत्पादकांनी पेटीच्या दर्शनी भागावर वापरण्याजोगे युनिट, सलग देता येणारा प्रवाह आणि रसायनाचे पूर्ण नाव छापावे, अशी माझी मागणी आहे, आणि आपण आपल्या पत्रातून तिचा पाठपुरावा करावा ही विनंती. तोवर ग्राहकांनी एवढे तरी करावे, की बॅटरी बसवणाऱ्याला निरोप देण्यापूर्वी इन्व्हर्टरच्या पडद्यावरची बॅटरीची प्रत्येक सेटिंग त्याच्याकडून वाचून घ्यावी, बॅटरीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी आणि ती कागदावर उतरवून त्याची सही घ्यावी. माझ्याकडे तो कागद आता इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर चिकटवलेला आहे.

कळावे,
आपला,
एक वाचक